निरंक लिहिणारे तात्या

पाऊस मोजायला मला तात्यांनी शिकवलं. जावळी तालुक्यातल्या एका सरकारी कचेरीत ते शिपाई होते आणि आवारातला पर्जन्यमापक त्यांच्याकडे होता. सकाळी साडेआठला बाटलीतलं पाणी मापपात्रात ओतायचं, पात्र डोळ्यांच्या रेषेत धरायचं, पाण्याच्या खोलगट कडेचा तळ वाचायचा, वहीत आकडा, पुढे सही. आषाढात बाटली सकाळपर्यंत पुरत नसे. मग रात्री इरलं पांघरून मधलं माप घ्यायचं आणि सकाळच्या आकड्यात मिळवायचं.

कोरड्या दिवशी ते ‘निरंक’ लिहीत. रकाना कधी मोकळा नसे. मी विचारलं तेव्हा म्हणाले, “मोकळा रकाना म्हंजे कुणी आलंच न्हाई, बाळा. पाऊस न्हवता हे बी कुणीतरी बघून सांगाय पायजे.”

भूगोलात एम.ए. करताना पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या भूपेंद्रनाथ गोस्वामी आणि सहकाऱ्यांचा 2006 सालचा निबंध वाचला आणि तात्यांचं काम किती मोलाचं होतं ते कळलं. 1951 ते 2000 या काळात मध्य भारतात अतिवृष्टीच्या घटना वाढल्या, मध्यम पावसाच्या कमी झाल्या; हंगामाच्या सरासरीत मात्र लक्षात येण्यासारखा फरक नाही. नुसती वर्षाची बेरीज ठेवली असती तर हा बदल कुणालाच दिसला नसता. तो दिसला रोजच्या नोंदीमुळे. पुढे 2017 मध्ये त्याच संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या गटाने 1950 ते 2015 मध्ये मध्य भारतातल्या विस्तृत अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचं दाखवलं आणि त्याचा संबंध अरबी समुद्रावरून लाटेसारख्या येणाऱ्या बाष्पाशी जोडला.

आज संशोधनाचा ओघ उपग्रह आणि संगणकी प्रारूपांकडे आहे. मीही तेच काम करतो. पण उपग्रहाचा अंदाज शेवटी जमिनीवरच्या मापाशीच ताडून पाहावा लागतो, आणि घाटमाथ्यावर एका दरीतून दुसरीत गेलं की पाऊस बदलतो. सपाटीवरही भरवसा नाही: 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पडला, त्याच मुंबईत कुलाब्याला जेमतेम 74. शंभर वर्षांमागच्या पावसासाठी तर उपग्रह नाहीच. आहेत त्या फक्त वह्या.

माझ्या प्रबंधाच्या ऋणनिर्देशात मार्गदर्शकांच्याही आधी तात्यांचं नाव आहे. ते मी मुद्दाम तसं लिहिलं. जगभर वाचल्या जाणाऱ्या आलेखांमागे असे कितीतरी सही करणारे हात आहेत, आणि त्यांची नावं कुठेच नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

जुन्या पर्जन्यनोंदींची छायाचित्रं काढून आकडे उतरवण्याचं काम मी आता विद्यार्थ्यांबरोबर सुरू केलं आहे. तहसील कचेऱ्या, पाटबंधाऱ्याच्या वसाहती, साखर कारखाने, कृषी शाळा, कुठेही अशी वही असू शकते. कसर लागलेली असली, पानं सुटलेली असली तरी चालेल. तुमच्या गावात असेल तर ती रद्दीत जाऊ देऊ नका.