शिकोकूचे न चालणारे यात्रेकरू

शिकोकू हे जपानच्या चार मुख्य बेटांतलं सगळ्यात लहान बेट. त्याला वळसा घालत 88 बौद्ध देवळांची एक वाट जाते, सुमारे 1,200 किलोमीटर लांबीची. तोकुशिमातलं र्योझेन्जी हे पहिलं देऊळ, कागावातलं ओकुबोजी शेवटचं. पुष्कळजण तिथून परत पहिल्या देवळाशी येतात आणि फेरी पुरी करतात. चालत जायचं तर सहा-सात आठवडे हाताशी हवेत. जपानी यात्रेकरूंपैकी बहुतेक आता बसनं नाहीतर मोटारीनं फिरतात. त्यामुळे पायवाटेवर जे थोडे लोक भेटतात, त्यांत परदेशी चेहरे चटकन नजरेत भरतात.

ही परदेशी मंडळी बौद्ध असतातच असं नाही. कुणाची नोकरी सुटलेली असते, कुणाचं घरचं माणूस गेलेलं असतं, कुणाला नुसतंच चालायचं असतं. तयारी मात्र साधारण सारखीच. पाठीवरचं ओझं तोलून-मापून कमी केलेलं, बूट आधीच वापरून सैल केलेले, फोनमध्ये नकाशा. आपला भार कुणावर पडू नये, हा या सगळ्यामागचा विचार. शिकोकूत पहिल्या काही दिवसांतच त्याला तडा जातो.

रस्त्याच्या कडेला एक आजी सायकल थांबवते. पुढच्या टोपलीतून दोन मिकान, म्हणजे तिकडची छोटी संत्री, काढते आणि दोन्ही हातांनी पुढे करते. कधी संत्र्यांऐवजी शंभर येनचं नाणं असतं, कधी चहाची बाटली, कधी कुणी शेतकरी रात्रीपुरती पडवी मोकळी करून देतो. या देण्याला 'ओसेत्ताई' म्हणतात. मराठी माणूस असेल तर त्याच्या तोंडून आपसूक 'नको, नको, कशाला' निघतं. आपल्याकडे पहिल्यांदा नाही म्हणणं हीच रीत. दुसऱ्यांदा आग्रह होणार हे दोघांनाही ठाऊक असतं. इथे मात्र नकार समोरच्याच्या जिव्हारी लागतो. आजीचे गुडघे गेलेत, घर सोडवत नाही, 88 देवळं तिच्याच्यानं होणार नाहीत. आपल्या वाट्याची यात्रा ती या अनोळखी माणसाच्या पायांवर सोपवते आहे. नाणं मिळालं तर पुष्कळ यात्रेकरू ते पुढच्या देवळाच्या दानपेटीत तिच्या वतीनं टाकतात.

शिवाय तिच्या लेखी ती फक्त त्या माणसाला देत नसते. शिंगोन या बौद्ध पंथाचे संस्थापक कूकाई (774–835), ज्यांना लोक कोबो दाइशी म्हणतात, ते प्रत्येक यात्रेकरूच्या सोबत चालतात अशी श्रद्धा आहे. 75वं देऊळ झेन्त्सूजी हे त्यांचं जन्मस्थान. 804 साली ते चीनला गेले, तिथल्या राजधानीत, छांगआनमध्ये, हुइगुओ या गुरूंकडून दीक्षा घेतली आणि प्रज्ञा नावाच्या भारतीय भिक्षूकडे संस्कृत शिकले. यात्रेकरूच्या हातातली काठी म्हणजे साक्षात कोबो दाइशी. म्हणून मुक्कामावर पोचल्यावर आधी काठीचं टोक धुवायचं, मग आपले पाय. पुलावर काठी टेकायची नाही, कारण एकदा कुठेच थारा न मिळाल्यानं त्यांनी पुलाखाली रात्र काढली होती आणि अजूनही ते तिथे निजलेले असू शकतात.

थारा न देणाऱ्यांवरूनच या यात्रेची कथा सुरू होते. इयो प्रांतातला एमोन साबुरो हा धनाढ्य माणूस. दारी आलेल्या भिक्षूला त्यानं हाकललं, त्याचं भिक्षापात्र फोडलं, त्याचे आठ तुकडे झाले. पुढे साबुरोची आठ मुलं एकामागोमाग एक गेली. तो भिक्षू कोण होता हे कळल्यावर तो माफी मागायला निघाला. वीस फेऱ्या केल्या, गाठ पडली नाही. एकविसाव्या वेळी तो उलटा फिरला आणि 12व्या देवळाच्या, शोसानजीच्या, डोंगरात मरणाच्या दारी असताना कोबो दाइशी समोर आले. म्हणजे बेटावरचा पहिला यात्रेकरू हा मुळात न देणारा माणूस.

प्रत्येक देवळात दर्शनानंतर यात्रेकरू वही घेऊन खिडकीशी जातो. 2024पासून तिथल्या शिक्क्यांसाठी 500 येन मोजावे लागतात. आतला माणूस तीन लाल शिक्के उमटवतो, मग त्यांवरूनच ब्रशनं काळ्या शाईचे फटकारे मारतो. मान वर न करता, मिनिटाभरात. ओली शाई समोरच्या पानाला लागू नये म्हणून मध्ये कागद घालतो आणि वही परत देतो. मधल्या शिक्क्यात त्या देवळाच्या देवतेचं बीजाक्षर असतं, सिद्धम लिपीत. देवनागरी आणि सिद्धम या दोन्हींचं मूळ गुप्तकालीन ब्राह्मीत जातं. भारतीय माणूस त्या वळणांकडे जरा जास्त वेळ पाहत राहतो.

या वाटेचं चित्र एवढं गोड मात्र नाही. यात्रेकरूच्या अंगावरचे पांढरे कपडे हे त्याचं कफन, आणि तो वाटेत मेला तर त्याच्या काठीचीच थडग्यावर खूण व्हायची. घरानं बाहेर काढलेले कुष्ठरोगी विसाव्या शतकातही मरेपर्यंत याच वाटेवर भटकत राहिले. एदो काळात, म्हणजे शोगुनांच्या अमलात, बेटावरच्या तोसा संस्थानाच्या राजवटीनं यात्रेकरूंना ठरावीक नाक्यांतूनच ये-जा करू दिली. 2014 साली वाटेवरच्या काही विसाव्याच्या झोपड्यांत कोरियन लोकांविरुद्धची पत्रकं चिकटवलेली सापडली. आजीची संत्री आणि ती पत्रकं, दोन्ही एकाच बेटावरची.

ओसेत्ताई घेणाऱ्यानं काहीतरी परत द्यायचं असतं. ते म्हणजे 'ओसामेफुदा', नाव, गाव, तारीख आणि मनातली इच्छा लिहिलेली कागदाची पट्टी. पहिल्या फेऱ्यांना ती पांढरी. पुढे फेऱ्या वाढतील तशी हिरवी, लाल, रुपेरी, सोनेरी आणि शंभरी गाठलेल्याला जरीची. जरीची पट्टी मिळावी म्हणून लोक आवर्जून मागतात. पूर्वी घरोघर या पट्ट्या गवताच्या पोत्यात भरून माळ्यावर टांगत; घरावर संकट येत नाही अशी समजूत होती. जुन्या घरांतली अशी पोती उघडून अभ्यासकांनी एदो काळात कुठल्या गावचे किती लोक आले, कुठल्या महिन्यात आले, याचा हिशेब मांडला. जे चालले त्यांची नोंद अशी न चाललेल्यांच्या माळ्यावर राहिली. मिकान देणाऱ्या आजीलाही अशीच एक पट्टी मिळते. इच्छेच्या जागी बहुतेकदा घरच्यांची खुशाली असते, आणि पत्त्याच्या जागी हल्ली कधी फ्रान्स, कधी तैवान, क्वचित पुणे.