इवल्या गाडीचा वळसा

आगगाडीचे खेळणे म्हणजे निव्वळ पोरखेळ, असे कोणास वाटत असेल, तर त्याने एखाद्या हौशी गृहस्थाची छोटी रेल्वे जवळून पाहावी. खऱ्या गाडीहून ८७ पटींनी लहान अशी ती गाडी. तिच्या दोन रुळांतले अंतर अवघे साडेसोळा मिलिमीटर!

एंजिनाला वीज मिळते ती या रुळांतूनच. पूर्वी विजेचा दाब वाढविला की गाडी वेग घेई, प्रवाह उलटविला की मागे येई. मात्र त्याच रुळांवर दुसरे एंजिन ठेवले, तर तेही त्याच हुकमाने पळू लागे. म्हणून रुळांचे भाग पाडून प्रत्येकास निराळी तार व निराळी कळ जोडीत. बिचाऱ्यांचे निम्मे रविवार तारा ओळखण्यातच सरत!

१९८० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीतील बर्न्ट लेन्झ यांनी विकसित केलेल्या अंकीय नियंत्रणाने ही दशा पालटली. आता रुळांत वीज सदैव पूर्ण दाबाने खेळते आणि आज्ञा त्या विजेतच गुंफलेल्या असतात. प्रत्येक एंजिनाच्या पोटात चिमुकला डिकोडर असतो; तो केवळ आपल्या क्रमांकाची आज्ञा पाळतो. ‘क्रमांक तीन, सावकाश!’ म्हटले की तेवढेच एंजिन मंदावते.

परंतु रूळ वळसा घेऊन स्वतःलाच येऊन मिळाला, की उजवा रूळ डाव्याला भिडतो. शॉर्टसर्किट होते, साऱ्याच गाड्या जागच्या जागी थबकतात. तेथे आज्ञा काय करणार? वळशाच्या दोन्ही टोकांशी दोन्ही रूळ कापावे लागतात, आणि गाडी खाच ओलांडताना आतली जोडणी उलटविणारे यंत्र बसवावे लागते. इतके करूनही वळसा गाडीहून आखूड राहिला, तर तिचे तोंड एका खाचेवर, शेपूट दुसऱ्या खाचेवर. पुन्हा सारे ठप्प!