जुन्या सिम्युलेटरमधील नगर जिल्हा

१/४
शिर्डीचा विमानतळ १ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झाला. मायक्रोसॉफ्टचा ‘फ्लाइट सिम्युलेटर एक्स’ २००६ मधला. त्याच्या मूळ आवृत्तीत काकडीच्या शिवारात धावपट्टीच नाही.

२/४
हौशी मंडळींनी पुढे त्यात भर घातली. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एंडेव्हर’ यानाने रडारने भूपृष्ठाची उंची मोजली होती. ती माहिती बसवली, की अकोले तालुक्यातील १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई रेखीव दिसते.

३/४
मात्र भार प्रामुख्याने प्रोसेसरवर पडतो. झाडे-इमारतींची दाटी कमी केली, की अडखळणारे चित्र सुरळीत होते.

४/४
सुधारणेपूर्वी मूळ प्रत जपावी. धावपट्टी नसलेले ते शिवार हाही २००६ चा दस्तऐवज आहे. नव्या दृश्याखाली तो झाकला, की विमानतळापूर्वीची शिर्डीही नजरेआड होते.