भरल्या होडीचा हिशोब

हलक्या गाड्यांबद्दल मला जे काही कळतं, त्यातलं मोलाचं मी श्रीवर्धनच्या जीवना बंदरावर शिकलो. शिकवणारे मेस्त्रीकाका होड्या बांधायचे. गाड्यांशी त्यांचा संबंध एसटीपुरताच.

इंजिनीअरिंगला असताना ‘ऑटोमेशन’ या संगणकावरच्या खेळाचं मला वेड होतं. त्यात इंजिनाच्या सिलिंडरपासून सांगाड्याच्या धातूपर्यंत सगळं आपण ठरवायचं. आम्ही मित्र त्यावर स्पर्धा लावायचो. खर्चाची मर्यादा सगळ्यांना सारखी. दोघांना बसता येईल अशी हलकी स्पोर्ट्‌स कार करायची आणि मग सगळ्यांच्या गाड्यांची तुलना. माझी तुलना एका भागाकारात संपायची : अश्वशक्ती भागिले वजन. १९९६ची लोटस एलिस माझा आदर्श. ॲल्युमिनियमचे भाग चिकटवून केलेला तिचा सांगाडा अवघा ६८ किलोंचा, अख्खी गाडी ७२५ किलोंच्या आसपास. १९८९ची माझदा एमएक्स-५ पोलादी आणि तिच्याहून दोनेकशे किलोंनी जड, म्हणून ती माझ्या लेखी मागे.

३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं. सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, वीज गेली ती लवकर आलीच नाही. फुटलेल्या होड्यांची कामं निघाली आणि मी काकांच्या हाताखाली जाऊ लागलो.

एका होडीची बरगडी ते वाकसाने तासत होते. तळाशी लाकूड जाड ठेवून वर निमुळतं करत आणलं होतं. मी विचारलं, “काका, सगळीच बारीक केली तर होडी आणखी हलकी होईल ना?”

“पोरा, मार खालून बसतो. तिथलं लाकूड काढून कसं चालेल? काढायचं तर वरचं काढ. वर वजन राहिलं की होडी डोलते.”

वीज आल्यावर मी त्यांना माझी गाडी दाखवली, वजनाचे आकडे वाचून दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “हे रिकाम्या गाडीचं ना? माणसं बसल्यावर काय? जाळी, बर्फ, माणसं चढली की होडी पाण्यात कशी बसते, ते आम्ही बघतो.”

हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. सत्तर-सत्तर किलोंची दोन माणसं एलिसमध्ये बसली, की तिच्या वजनाच्या जवळपास पाचव्या हिश्शाएवढा भार चढतो. गाडी जितकी हलकी, तितका बसणाऱ्यांचा भार तिचा तोल हलवतो. मग माझदाकडे नव्याने पाहिलं. तिचं इंजिन पुढच्या चाकांच्या आसामागे सरकवलेलं आहे. दोघं बसल्यावर पुढच्या-मागच्या चाकांवर भार निम्मा-निम्मा पडावा, असा तो हिशोब. एलिसच्या इंजिनाची जागा माणसांच्या पाठीमागे का, तेही तेव्हा उमगलं. दोन्ही गाड्यांच्या कर्त्यांनी भरल्या गाडीचा विचार केला होता.

आज पोटापाण्यासाठी वाहनांच्या सांगाड्यांचंच काम करतो. दोन रचनांची तुलना करायला बसलो, की तक्त्यातले पहिले तीन रकाने ठरलेले : मार कुठे बसतो, वजन किती उंचीवर आहे, भरल्यावर तोल कुठे जातो. एकूण वजन त्यानंतर. ही पद्धत कुठली, असं हाताखालच्या मुलांनी विचारलं, तर जीवना बंदरावरच्या मेस्त्रीकाकांची, असं सांगतो. ती माझ्या नावावर जाऊ नये, एवढी काळजी मी घेतो.