पर्सिस खंबाटा यांचे केस : ‘स्टार ट्रेक’च्या पडद्यामागची एक नोंद

१/
या धाग्यांतून आजवर आपण किल्ले, शिलालेख, तह आणि दुष्काळ पाहिले. आजचा विषय एक दूरचित्रवाणी मालिका आहे. ‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकी विज्ञानमालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी एनबीसी वाहिनीवर सुरू झाली आणि ३ जून १९६९ रोजी बंद पडली. तीन हंगाम, ७९ भाग. ऐंशीच्या दशकात ती आपल्या दूरदर्शनवरही रविवारी सकाळी लागत असे. माझ्या वडिलांनी ती अहमदपुरात शेजाऱ्यांच्या कृष्णधवल संचावर पाहिली. तिच्या पडद्यामागे जे ताण होते, त्यांत मुंबईची एक अभिनेत्री सापडली होती. हा धागा तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठी आहे.

२/
मालिकेची कल्पना आधी सांगते. तेविसावे शतक. ‘एंटरप्राइज’ नावाचे अंतराळयान. त्यावर अमेरिकी कप्तान, जपानी वंशाचा चालक, आफ्रिकी वंशाची संपर्क अधिकारी, पुढे रशियन तरुण, आणि अर्धा परग्रहवासी असलेला स्पॉक. शीतयुद्ध ऐन भरात असताना हे सगळे एकाच कक्षात बसून शांतपणे काम करतात. ते ज्या स्टुडिओत चित्रित होत होते, तिथे मात्र इतकी शांतता क्वचितच होती.

३/
पहिला ताण सुरुवातीलाच. मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांनी १९६४ च्या अखेरीस पायलट, म्हणजे वाहिनीला दाखवायचा नमुना-भाग, चित्रित केला. वाहिनीला तो फार बौद्धिक वाटला. त्यात यानाची उपप्रमुख स्त्री होती. ती भूमिका मॅजेल बॅरेट यांची. वाहिनीने दुसरा पायलट मागवला, ही त्या काळी असाधारण गोष्ट होती. दुसऱ्या पायलटमध्ये ती उपप्रमुख नाहीशी झाली.

४/
का नाहीशी झाली? येथे दोन साक्षी परस्परांना छेद देतात. रॉडनबेरी आयुष्यभर सांगत राहिले की वाहिनीला अधिकारपदावरची स्त्री चालत नव्हती. निर्मितीत वरिष्ठ पदावर असलेल्या हर्बर्ट सोलो यांनी १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात लिहिले की वाहिनीचा आक्षेप स्त्री-भूमिकेला नव्हता, त्या अभिनेत्रीच्या निवडीला होता. बॅरेट तेव्हा रॉडनबेरी यांच्या निकटच्या होत्या (पुढे त्यांचा विवाह झाला). एकच प्रसंग, दोन कथने, आणि दोन्ही कथने पुरुषांची. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

५/
स्पॉकचे कान हा दुसरा प्रश्न. टोकदार कान आणि तिरक्या भुवया पाहून प्रेक्षक त्याला सैतान समजतील, अशी वाहिनीला धास्ती होती. विक्रीसाठी छापलेल्या एका पुस्तिकेत त्याचे कान आणि भुवया रंगकामाने चक्क सामान्य माणसासारख्या करून टाकल्या होत्या. पुढे तोच स्पॉक मालिकेचा सर्वांत लोकप्रिय चेहरा ठरला.

६/
तिसरा ताण पैशाचा. मालिका ल्युसिल बॉल यांच्या डेझिलू स्टुडिओची. छोट्या स्टुडिओला हा खर्च पेलणारा नव्हता. १९६७ मध्ये डेझिलू विकला गेला आणि पॅरामाउंटच्या छत्राखाली आला. दुसऱ्या हंगामानंतर मालिका बंद होण्याची चिन्हे दिसताच चाहत्यांनी वाहिनीवर पत्रांचा वर्षाव केला आणि ती वाचवली. वाहिनीने तिसरा हंगाम दिला, पण वेळ दिली शुक्रवारी रात्री दहाची. ज्या तरुणांसाठी मालिका होती, ते त्या वेळी घरात नसत. रॉडनबेरी दैनंदिन कामातून बाजूला झाले, अंदाजपत्रक घटले, आणि मालिका संपली.

७/
संपल्यावर ती खरी मोठी झाली. पुनःप्रक्षेपणांतून नवी पिढी तिच्याकडे वळली. चाहत्यांच्या पत्रमोहिमेमुळे नासाच्या पहिल्या स्पेस शटलचे नाव ‘एंटरप्राइज’ ठेवावे लागले. ते शटल लोकांसमोर आणले गेले तो दिवस १७ सप्टेंबर १९७६. मराठवाड्यातल्या वाचकाला ही तारीख वेगळी सांगायला नको. या योगायोगाला काहीही अर्थ नाही, तरीही ती नोंद पाहून मी क्षणभर थबकले होते.

८/
आता १९७७. पॅरामाउंटला स्वतःची वाहिनी उभारायची होती आणि तिची मुख्य मालिका म्हणून ‘स्टार ट्रेक’चा दुसरा टप्पा जाहीर झाला. संच उभे राहू लागले, पटकथा लिहून घेतल्या गेल्या. स्पॉक साकारणारे लिओनार्ड निमॉय मात्र आले नाहीत. आपला चेहरा वापरून विकल्या जाणाऱ्या वस्तूंच्या पैशावरून त्यांचा स्टुडिओशी वाद चालू होता. त्यामुळे नवी पात्रे आणावी लागली. त्यांतले एक होते इलिया : परग्रहावरची, यानाची दिशा सांभाळणारी स्त्री. तिच्या डोक्यावर एकही केस नाही.

९/
या भूमिकेसाठी निवड झाली पर्सिस खंबाटा यांची. जन्म मुंबईत, २ ऑक्टोबर १९४८, पारशी कुटुंबात. १९६५ च्या फेमिना मिस इंडिया. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या ‘बंबई रात की बाहों में’ या चित्रपटात भूमिका, मग परदेश, आणि १९७५ साली ‘द विल्बी कॉन्स्पिरसी’सारख्या इंग्रजी चित्रपटांत कामे. हॉलिवूडमध्ये भारतीय अभिनेत्रीला त्या काळी काय मिळत असे, हे ध्यानात घेतले तर एका अमेरिकी मालिकेतील कायमस्वरूपी पात्र ही केवढी मोठी संधी होती, ते कळेल.

१०/
ती मालिका कधीच झाली नाही. नव्या वाहिनीला पुरेसे जाहिरातदार मिळेनात. त्याच वर्षी ‘स्टार वॉर्स’ने चित्रपटगृहे भरून टाकली. पॅरामाउंटने हिशेब बदलला : मालिका रद्द, तिच्या पहिल्या भागाच्या कथेचा भव्य चित्रपट. निमॉय यांचा वाद मिटला, ते परतले. त्यांच्या जागी घेतलेल्या तरुण नटाची मुख्य भूमिका गेली. पर्सिस यांची भूमिका राहिली. दिग्दर्शनासाठी रॉबर्ट वाइज आले. ऑगस्ट १९७८ मध्ये चित्रीकरण सुरू झाले, तेव्हा पटकथेचा शेवट ठरलेला नव्हता.

११/
पटकथेवरून रॉडनबेरी आणि लेखक हॅरॉल्ड लिव्हिंगस्टन यांच्यात उघड संघर्ष होता. एकाने लिहायचे, दुसऱ्याने बदलायचे, पहिल्याने काम सोडायचे, पुन्हा परतायचे. संवादांची पाने इतक्या वेगाने बदलत की त्यांवर तारखेसोबत वेळही घातली जाई. अखेर पडद्यावर पटकथाकार म्हणून नाव लागले ते लिव्हिंगस्टन यांचे.

१२/
दृश्य-परिणामांचे काम ज्या कंपनीकडे होते, तिच्याकडून ते वेळेत होईना. ती बदलून डग्लस ट्रम्बल यांना बोलावले गेले. प्रदर्शनाची तारीख, ७ डिसेंबर १९७९, चित्रपटगृहांना आधीच दिलेली होती आणि ती हलणार नव्हती. पहिल्या खेळाची ताजी प्रत वाइज यांनी स्वतः वॉशिंग्टनला नेली. खर्च सुमारे ४.४ कोटी डॉलर. न झालेल्या मालिकेच्या तयारीचा खर्चही त्यातच धरलेला. चित्रपट चालला, पण वाढलेल्या खर्चाचे खापर रॉडनबेरींवर फुटले. पुढच्या चित्रपटाची सूत्रे त्यांच्याकडे राहिली नाहीत.

१३/
आणि केस? पर्सिस यांनी निवडीच्या वेळी डोक्यावर टक्कल दाखवणारी टोपी घातली होती. प्रत्यक्ष चित्रीकरणासाठी त्यांचे लांब केस कापून डोके गुळगुळीत करण्यात आले. ते कापले जात असतानाची छायाचित्रे प्रसिद्धीसाठी काढली गेली आणि ती आजही पाहायला मिळतात. केस पुन्हा आलेच नाहीत तर काय, म्हणून त्यांनी विम्याची मागणी केल्याचे नोंदले गेले आहे. ऑगस्टपासून पुढच्या जानेवारीपर्यंत, जवळजवळ सहा महिने, डोके तसेच ठेवायचे होते. सौंदर्यस्पर्धा आणि मॉडेलिंग यांवर ज्यांची कारकीर्द उभी, त्यांच्यासाठी हे भांडवल गहाण टाकण्यासारखे होते.

१४/
कथेत पुढे काय होते, तेही पाहा. इलियाला एक महायंत्र पळवते आणि तिच्याच रूपात आपला यांत्रिक दूत पाठवते. म्हणजे पर्सिस यांना बहुतांश चित्रपटभर भावनाशून्य यंत्र साकारायचे होते. आधी केस गेले, मग चेहऱ्यावरचे भावही. उरले डोळे आणि आवाज. तेवढ्यावर त्यांनी ते पात्र लक्षात राहील असे उभे केले, हे मी नांदेडच्या वसतिगृहात लॅपटॉपवर चित्रपट पाहिला तेव्हा जाणवले. त्या रात्री मी त्यांच्याविषयी वाचायला बसले, आणि वाचण्यासारखे फारच थोडे निघाले.

१५/
रॉडनबेरी-लिव्हिंगस्टन भांडणावर प्रकरणेच्या प्रकरणे आहेत. निमॉय यांच्या वादावर आहेत. पर्सिस यांच्या वाट्याला बहुधा एकच परिच्छेद, आणि तो केसांचा. कारण उघड आहे. भांडण कागद निर्माण करते : टिपणे, वकिलांची पत्रे, करार, लवादाचे निर्णय. ज्याला भांडता येते, त्याचा दप्तरखाना तयार होतो. आपली बाजू लढवण्याइतके बळ ज्याच्याजवळ नसते, तो काम करून निघून जातो आणि त्याच्या नावावर काही छायाचित्रे उरतात.

१६/
साक्षीने ही उणीव काही अंशी भरून निघते. निशेल निकोल्स, म्हणजे यानावरची संपर्क अधिकारी उहुरा, पहिल्या हंगामानंतर मालिका सोडणार होत्या. मार्टिन ल्यूथर किंग यांनी भेटून त्यांचे मन वळवले. ही हकिकत आपल्यापर्यंत पोहोचली ती त्यांनी स्वतः सांगितली म्हणून. चाहत्यांच्या मेळाव्यांत दशकानुदशके त्यांना विचारले गेले आणि त्या सांगत राहिल्या. पर्सिस यांना तेवढा काळ मिळाला नाही. १९८० च्या ऑस्कर सोहळ्यात त्या पुरस्कार देण्यासाठी मंचावर होत्या. त्याच वर्षी त्यांना मोठा अपघात झाला. पुढे मोजके चित्रपट, १९९७ मध्ये मिस इंडिया स्पर्धांवर एक पुस्तक. १८ ऑगस्ट १९९८ रोजी मुंबईत हृदयविकाराने त्या गेल्या. वय ४९. स्मरणाला व्यासपीठ लागते, तसे आयुष्यही लागते.

१७/
हे मला एवढे का लागले, ते सांगते. माझा प्रबंध हैदराबाद मुक्तिसंग्रामातील सीमेवरच्या कॅम्पांवर आहे. १९४७-४८ मध्ये संस्थानाच्या हद्दीबाहेर राहून रझाकारांशी लढणाऱ्यांचे हे तळ. हल्ले, शस्त्रे, खटले, तुरुंग यांचे कागद आहेत, आणि त्यांत नावे आहेत ती पुरुषांची. लातूर जिल्ह्यातल्या एका गावी नव्वदी ओलांडलेल्या एक आजी भेटल्या. त्या मुलगी असताना घरच्यांसोबत कॅम्पच्या गावी राहिल्या होत्या. मी विचारले, ‘आजी, तुम्ही लढ्यात काय केलंत?’ त्या हसल्या. म्हणाल्या, ‘आमी काय करणार माय, भाकरी थापल्या.’ एवढ्यावर मुलाखत संपली होती.

१८/
पर्सिस यांच्याविषयीचा तो एकुलता परिच्छेद आणि आजींचे ते एक वाक्य माझ्या वहीत शेजारी शेजारी आले, तेव्हा मला प्रश्नाची घडण तपासावीशी वाटली. ‘लढ्यात काय केलं’ या प्रश्नात भांडणाऱ्यांच्या दप्तराचीच भाषा होती. त्या भाषेत भाकरीला जागा नाही आणि केसांनाही नाही. मग ‘पडद्यामागे’ हा शब्द आपण वापरतो, तेव्हा तिथेही आपण वजनदार माणसांनाच शोधत असतो का?

१९/
दुसऱ्या वेळी आजींना वेगळे विचारले : रोज किती माणसांच्या भाकरी? पीठ कुठून यायचे? दळायचे कोणी? त्या दीड तास बोलल्या. ज्वारी कोणत्या गावाहून येई, ती कडब्याखाली कशी लपवून आणत, कोणत्या दिवशी अचानक पन्नास भाकरी जास्त थापायला सांगितल्या जात आणि त्यावरून बायकांना रात्री काही होणार आहे हे आधीच कसे कळे. हल्ल्याच्या तारखा ताडून पाहण्यासाठी माझ्याकडे आता एक नवे साधन आहे.

२०/
पर्सिस यांना असे प्रश्न कोणी विचारल्याचे माझ्या वाचनात नाही : सहा महिने कोणती कामे नाकारली, चित्रीकरण लांबले त्याचे पैसे मिळाले का, पटकथा रात्रीतून बदलली की सकाळी संवाद कसे पाठ केले, मुंबईला पत्रातून काय लिहिले. उत्तरे त्यांच्याजवळ होती. आपल्या घरांत अजून ज्यांच्याजवळ उत्तरे आहेत, त्यांना या दिवाळीत विचारा. मोठ्या घटनेविषयी विचारू नका. त्या दिवशी स्वयंपाक काय होता, तेथून सुरुवात करा. आणि जे ऐकाल ते तारीख घालून लिहून ठेवा.

धागा समाप्त.