खिचडी फाट्यावर, वाळुंज नदीवर!

नांदेडहून हिंगोलीला निघालात तर वारंगा फाट्यावर गरमागरम खिचडीचा ब्रेक मस्टच! पण रुंद झालेल्या हायवेवर सावली शोधताना मला हटकून वाळुंज आठवतो. क्रिकेटची बॅट ज्या विलोची, त्याचा हा आपला देशी भाऊ. लावायला एकदम सोप्पा: पावसाळ्याच्या तोंडावर अंगठ्याएवढी जाड फांदी ओल्या मातीत खोचा, मुळं फुटतात. मोठा झाला की शेंडे छाटा, लवचिक फोक टोपल्या विणायला येतात. फक्त एक अट, त्याला ओल हवी! कोरड्या हायवेला वड, कडुलिंबच बरे. वाळुंज न्यायचा तो हिंगोलीच्या कयाधूकडे. उन्हाळ्यात आटणाऱ्या या नदीत जिथं ओल टिकते, तिथं त्याची मुळं काठाची माती धरून ठेवतील.