पाळीची झोप

लोअर परळच्या काचेच्या इमारतीत मध्यंतरी विश्रांती कक्ष उघडला. मागे रेलणाऱ्या खुर्च्या, मंद दिवे, माणशी वीस मिनिटं, आणि वेळ मोबाइलवर आधी राखून ठेवायची. हिशेब विभागातली ती, निवृत्तीला टेकलेली, सहज बघायला म्हणून गेली. खुर्चीवरच्या कोऱ्या चादरीला खळीचा वास होता. मग कसली झोप!

तिचे बाबा गिरणीच्या सायझिंग खात्यात होते. ताण्याच्या सुताला खळ चढवायचं ते खातं. तिथे वाफ, उकाडा आणि शिजलेल्या पिठाचा आंबूस दर्प. तो त्यांच्या सदऱ्याबरोबर घरी यायचा.

डिलाईल रोडला चाळीतली एक खोली. सकाळी सातचा भोंगा झाला की थोड्याच वेळात रातपाळीचे बाबा दारात. आंघोळ, चहा-भाकरी, डोळ्यांवर पंचा आणि भिंतीकडे तोंड. मग दुपारपर्यंत घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही. रेडिओ बंद. पाढे म्हणायचे तेही मनातल्या मनात. आई घासलेली भांडी फळीवर लावताना दोन भांड्यांच्या मध्ये फडक्याची घडी सारायची. बाबांचा चेहरा आठवायला तिला हल्ली थोडं थांबावं लागतं. ते फडकं मात्र लख्ख आठवतं, त्याच्या लाल काठासकट.

पाळी बदलली की झोपेची वेळ बदले, क्रम बदलत नसे. आधी आंघोळ, मग खाणं, मग अंधार. दिवसाची झोप रात्रीच्या झोपेपेक्षा तोकडीच पडते, कारण उजेड पाहून शरीर जागं व्हायला लागतं, हे आता डॉक्टर सांगतात. तो पंचा त्यासाठीच होता. रात्री दोन-तीनला डोळे जड व्हायचे, तेव्हा चालत्या यंत्राशी उभं राहायचं असे. झोप झालेली नसली तर सूतही तुटे आणि बोटंही सापडत.

या सगळ्यात तिचा एक जुना राग आहे, कल्हईवाल्यावरचा. तो नेमका त्यांच्याच दारासमोर आरोळी ठोकायचा. बाबा कूस बदलायचे आणि आई हातातला झारा तसाच घेऊन बाहेर धावायची. माणूस पोटासाठी ओरडत होता, हे तिला कळतं. राग जात नाही.

इथे नारायण मेघाजी लोखंडे आडवे येतात. गिरणगावातल्या विश्रांतीचा विषय त्यांना वगळून पुढे सरकत नाही. १८८४ साली परळला त्यांनी गिरणी कामगारांची सभा भरवली आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन सरकारकडे गेलं. मागण्या साध्या होत्या: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास सवड, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम. गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली ती १० जून १८९० रोजी. पुढे १९४८ च्या कारखाने अधिनियमाने सलग पाच तासांहून जास्त काम करून घेता येणार नाही, मध्ये निदान अर्धा तास विश्रांती हवी, असं लिहून ठेवलं. बाबांना कलम ठाऊक नव्हतं. अर्धा तास ठाऊक होता.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि पाळी संपली. बाबा तरी रात्रीचे टक्क जागे राहत, गॅलरीत बिडी ओढत बसत. दिवसा झोपायचे, पण आता त्या झोपेची त्यांना लाज वाटे. आई भांड्यांत फडकं घालतच राहिली.

तिचा मुलगा अमेरिकेच्या घड्याळावर काम करतो. पहाटे येतो, जाड पडदे ओढतो, कानांत बोळे घालतो. आणि ती सुट्टीच्या दिवशी कुरिअरवाल्याला बेल वाजवू नको म्हणून दाराशी उभी राहते, मिक्सर लावत नाही, चटणी खलबत्त्यात करावी तर त्याचाही आवाज, म्हणून करतच नाही.

परवा तिच्या मनात आलं, आई कधी झोपायची? तिच्याकडे खानावळीची चार माणसं होती, प्रत्येकाची पाळी वेगळी. पहिल्या पाळीवाल्याचा डबा पहाटे, दुसऱ्या पाळीवाल्याचं जेवण रात्री बारा वाजल्यानंतर. मधल्या तुकड्यांत ती भिंतीला टेकून डोळे मिटत असेल. तिला आडवी झालेली कुणी पाहिली नाही. अशा खानावळवाल्या बायका गिरणगावात हजारोंनी होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, तेव्हा या बायकांच्या कष्टांकडे बँकांचं लक्ष गेलं.

आणि लोखंड्यांचा रविवार? रविवारी खानावळीत मटण. म्हणजे पाटा-वरवंटा पहाटेच सुरू, आणि चारही माणसं घरीच असल्यामुळे जेवण एका वेळी, निवांत, दोनदा वाढून घेत. आठवड्यातला सगळ्यात लांब दिवस तो.

साप्ताहिक सुट्टीचा कायदा त्या पाट्यापर्यंत पोचला नव्हता आणि अजूनही पोचलेला नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर लोकांचा वेळ कसा जातो याची पाहणी केली. बिनपगारी घरकाम करणाऱ्या पुरुषांचा त्यात दिवसाकाठी सरासरी ९७ मिनिटांचा वेळ जात होता, बायकांचा २९९ मिनिटांचा.